भागाकार, हर्णै

खाली बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर धडधडतो,
वर माझं टेबल थरथरतं,
टेबलावरचा काडेपेटीएवढा बोर्ड, तोही.
रात्रीचे पावणेबारा. पहाटे चारला भरती,
हरेश्वर दोरकुळकरची बोट सुटणार
आणि तिच्या बर्फाच्या खणात मला हे बसवायचंय:
दर मिनिटाला थंडी मोजायची,
वर तांडेलापाशी आकडा दाखवायचा.
एवढंच काम, आणि त्यापुरता एवढासा कर्नल,
मी लिहिलेला, कुणाचा आधार न घेता.
म्हणजे असं मला वाटत होतं.

कंपायलरची तक्रार नाही.
एकेक फाइल त्याने तपासली, सही केली, पुढे धाडली.
अडला तो लिंकर.
म्हणाला, मेमसेट कोण?
मी त्याला हाक मारलीच नव्हती.
फोडून पाहिलं तर हाक होती खरी.
रकाने शून्य करायचे म्हणून एका ओळीत
नुसता महिरपी कंस उघडून मिटला होता मी,
तेवढ्यावर कंपायलरने माझ्या नावाने
परस्पर माणूस सांगून ठेवलेला.
चार ओळींचा मेमसेट हाताने लिहिला.

मग दुसरं नाव. दोन अंडरस्कोर, एईएबीआय, यूआयडिव.
अनडिफाइन्ड रेफरन्स. सरासरीची फाइल, ओळ एकतीस.
त्या ओळीत काय, तर बेरीज भागिले मोजमापं.
तेव्हा आठवलं,
या चिपला भागाकार येत नाही.
बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकारही,
वाटणी मात्र ती दुसऱ्याकडून करून आणते.

देवकू चोगलेला येतो भागाकार.
वाळूवर, काडीने. डिझेल आणि बर्फ आधी बाजूला,
मग बोटीचा वाटा, जाळ्याचा, तांडेलाचा दीड,
खलाशांचा एकेक,
आणि जे अकरा-बारा रुपये कुठेच बसत नाहीत
त्यांचा चहा.
लाट आली की हिशेब पुसून जायचा,
तोवर पैसे वाटून झालेले असायचे.

पण लायब्ररी तर मी दिली होती!
कमांडमध्ये सगळ्यात पुढे, अगदी मानाने.
पुन्हा बिल्ड, पुन्हा तेच.
सगळं पुसून बिल्ड. तेच.
स्पेलिंग बोट ठेवून वाचलं, अक्षर अक्षर. तेच.
दीड वाजता खालचा कॉम्प्रेसर थांबला
आणि टेबल एकदम स्थिर झालं,
आणि मला संध्याकाळचा लिलाव दिसला.

लिलाववाला टोपल्यांच्या कडेने जातो, ओळीने, एकदाच.
ज्या टोपलीला त्या क्षणी मागणारा नाही
ती ओलांडतो. मागे वळत नाही.
नंतर कुणी सुरमई, सुरमई म्हणून कितीही ओरडो,
सुरमई मागे राहिली, ओळीच्या तोंडाशी,
बैलगाडीतून सगळ्यांआधी उतरलेली.

लिंकर लायब्ररीपाशी आला
तेव्हा भागाकार कुणी मागितलाच नव्हता.
मागणारी फाइल नंतर आली.
(मी पुण्याहून परत आले ती लवकर की उशिरा,
हे घरी अजून ठरायचंय.)

एक शब्द उचलला, ओळीच्या शेवटी ठेवला.
नऊ हजार सहाशे चार बाइट. चुका नाहीत.
तरी मॅप फाइल उघडून पाहिलीच,
प्रत्येकाला घर नंबर मिळालेला,
भागाकार अगदी शेवटच्या घरात.

पावणेचार. छातीभर पाण्यातून होडकं,
होडक्यातून बोट. खणात डबी नायलॉनने बांधली,
हाताला मासळीचा वास, दात वाजतायत माझे.
वर आकडा आला: एक पूर्णांक चार.
हरेश्वरने तो वाचला, मान हलवली,
मग खाली उतरून
हात कोपरापर्यंत बर्फात खुपसला,
थोडा वेळ तसाच ठेवला.
"हां," म्हणाला. "बरोबर सांगतंय."